दोन्ही आळ्यांचा अंपायर

आमच्या त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिथली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि ती सगळीच्या सगळी भांडखोर आहेत. वेल्समधल्या डोंगरांत, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेलं गाव. मधून नदी, नदीवर दगडी पूल. पुलाच्या अलीकडे चढावर वसलेली वस्ती ती वरची आणि पलीकडे सपाटीवरची ती खालची. त्यांना ‘आळी’ म्हणायला आईने सुरुवात केली. नागपूरहून येऊन आठवडा झाला नसेल, तेवढ्यात ती बाबांना म्हणाली, अहो, इथेही वरचे आणि खालचे आहेतच की. बाबा म्हणाले, आहेत, पण इथे ते एकमेकांच्या घरी जेवतात. ते खरंच होतं. जेवायचे, एकमेकांशी लग्नं करायचे, एकाच चॅपलमध्ये एकाच सुरात गायचे आणि उन्हाळ्याचे चार महिने एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. कारण बेसबॉल.

माझी नात, इंग्लंडातल्या रीडिंग शहरात राहणारी, हे ऐकून हसते. तिला बेसबॉल म्हणजे अमेरिका वाटते, मोठे हातमोजे आणि टोप्या. मी तिला सांगते, बाई, हा तो नव्हे. हा दक्षिण वेल्सचा, त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेला. यात बॉल हात खाली ठेवून टाकतात. बॅट एका बाजूने चपटी, धुणं धोपटायच्या धोपाटण्यासारखी. मैदानात चार खांब रोवलेले. बॉल टोलवला की एकामागून एक खांब गाठत पळायचं, आणि तुम्ही पोचायच्या आत तिथल्या गड्याने हातातला बॉल खांबाला टेकवला की तुम्ही बाद. बस, एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. हातमोजे घालायची पद्धत नाही, त्यामुळे जून-जुलैमध्ये बाबांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, अर्धे पेशंट सुजलेली बोटं घेऊन बसलेले असायचे. पुरुषांचे सामने शनिवारी, बायकांचे बुधवारी संध्याकाळी. हो, बायका खेळायच्या, आणि पुरुषांपेक्षा जास्त इरेला पेटून खेळायच्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. चपट्या बॅटचा तो कोरडा टप्प आवाज, मग क्षणभर काहीच नाही आणि मग अर्ध्या गावाचा ओरडा. आई भाकरी थापता थापता सांगायची, वरच्यांचा होता हा ओरडा. तिला आवाजावरून आळी ओळखता यायची.

आमचं घर पुलाच्या अगदी तोंडाशी. ना वर, ना खाली. पुढच्या खोलीत बाबांची सर्जरी आणि मागे आम्ही तिघं. शेजारी ब्रॉन्वेन राहायची, गावाची पोस्टमन. पोस्टवुमन म्हणायला हवं, पण ती स्वतःला पोस्टमनच म्हणायची. तिने आईला एक जाडजूड लोखंडी तवा दिला, ज्यावर तिकडे गोड टिक्क्या भाजतात. आईने त्यावर भाकरी टाकली, ती टम्म फुगली आणि त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली ती झालीच. ज्वारी मिळायची नाही म्हणून दुसऱ्याच कसल्यातरी पिठाची भाकरी, आणि ब्रॉन्वेनच्या परसातल्या रूबार्बच्या आंबट देठांची आई अंबाडीसारखी भाजी करायची, लसणाची खमंग फोडणी देऊन. आज इथल्या दुकानात खरी अंबाडी मिळते, जुडीच्या जुडी. मी आणते, करते, आणि खरं सांगते, मला ती रूबार्बचीच आवडायची.

बाबा अंपायर कसे झाले, ते सांगते. गावात पूर्वी एक स्टेशनमास्तर होता, ब्रह्मचारी, कुठून तरी उत्तरेकडून आलेला. तोच अंपायर. पुढे स्टेशन बंद झालं आणि तो गेला. मग गावातल्याच कुणाला तरी उभं करायला लागले, आणि दरवेळी राडा. गावात नियम असा की अंपायरचं रक्ताचं किंवा लग्नाचं कुणी दोन्हींपैकी कुठल्याही संघात असता कामा नये. आणि त्या गावात तर प्रत्येक जण प्रत्येकाचा साडू, नाहीतर मावसभाऊ. एका सामन्यात अंपायरच्या मेहुण्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं ते वर्षभर. तेव्हा बेसबॉल कमिटीचा सेक्रेटरी इद्रिस आमच्याकडे आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, खिळे-कुलपं-बादल्यांचं, त्यामुळे सगळे त्याला इद्रिस हार्डवेअर म्हणायचे. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला, आईने दिलेले शंकरपाळे खाल्ले आणि म्हणाला, डॉक्टर, आमच्यासाठी अंपायर व्हाल का? बाबा म्हणाले, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, ते शिकता येईल. तुमचं इथे कुणी नाही, हे महत्त्वाचं.

हे वाक्य आईला लागलं. तो गेल्यावर ती बराच वेळ भांडी आपटत होती. बाबांना मात्र लागलं नाही. नियमांचं पुस्तक आणलं, जेवणाच्या टेबलावर चार पेले उभे केले, वाटाण्यांचे खेळाडू केले आणि आम्हां दोघींना समोर बसवून रोज रात्री जेवणानंतर सामने लावायला लागले. मी वरची, आई खालची. आई मुद्दाम वाटाणा खायची आणि म्हणायची, घ्या, झाली ना बाद. मैदानावर घालायला पांढरा कोट लागतो असं कळल्यावर त्यांनी ट्रंकेतला मेडिकल कॉलेजचा कोट काढला. आईने त्याला नीळ दिली आणि कडक इस्त्री केली. त्या पहिल्या शनिवारी बाबा पुलावरून मैदानाकडे निघाले, तेव्हा मला भीती वाटली होती की आता सगळे यांना हसणार.

कुणी हसलं नाही. बाबा जन्मजात अंपायर होते. आवाज चढवायचे नाहीत, हात वर करायचे, तो असा सावकाश आणि सरळ की वाद घालायची कुणाची छाती व्हायची नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांची कीर्ती खोरंभर झाली. एकदा त्यांनी कौन्सिलच्या एका बड्या माणसाला बाद दिलं, लाल तोंडाचा, गावात ज्याचा दरारा असा माणूस. तो बॅट काखेत धरून निमूट निघून गेला. त्या रात्री बाबांनी ते तीनदा सांगितलं. काही बोलला नाही गं, गेला सरळ. मला कळेना, यात एवढं काय आहे? बाद झाला की जाणारच ना माणूस.

न्यायाचं हे खूळ घरातही होतंच. पाहुण्यांची मुलं आली की बर्फीची वाटणी बाबा करायचे आणि मोडका तुकडा मला. ब्रॉन्वेनच्या मुलाशी माझं भांडण झालं की काय झालं ते न विचारता आधी मला ओरडायचे. आई म्हणायची, अहो, निदान ऐकून तरी घ्या तिचं. बाबा म्हणायचे, आपल्या माणसाला झुकतं माप दिलं की संपलंच. त्यांना वाटायचं, ते मला काही देत नाहीत म्हणजे ते सरळ वागतात. मला राग यायचा, पण त्याहून जास्त मी त्यांना घाबरायची, आणि त्याहूनही जास्त ते मला आवडायचे. लहानपणी हे सगळं एकाच वेळी जमतं, आता नाही जमत.

मी चांगली पळते हे ब्रॉन्वेनच्या कुत्र्यामुळे उघडकीस आलं. त्याने आमच्या कठड्यावर गार करायला ठेवलेली भाकरी पळवली, मी त्याच्यामागे धावले आणि त्याला पुलाच्या मध्यावर गाठलं. ब्रॉन्वेन पोस्टाची पिशवी खांद्याला लावून बघत उभी होती. बायकांचा खालचा संघ तिच्या हाती होता. तिने मला मेंढीबाजाराच्या मागच्या मोकळ्या जागेत न्यायला सुरुवात केली, संघातल्या पोरींबरोबर सरावाला. आईला माहीत होतं, बाबांनाही माहीत असावं. सराव म्हणजे सामना नव्हे, त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मी तेव्हा पंधरा-सोळाची असेन. शाळेत मी गप्प असायची. तिथे मात्र बॅटला बॉल लागला की माझे पाय असे सुटायचे की काय सांगू. आज गुडघे इतके वाजतात की जिना चढताना घरच्यांना वर्दी जाते, तरी स्वप्नात मी अजून तिथे पळते.

मग त्या जूनमध्ये खालच्या संघातली सगळ्यात वेगवान मुलगी लग्न होऊन वरच्या आळीत गेली. आणि तिथली रीत अशी की बाई जिथे नांदते तिथूनच खेळते. म्हणजे खालच्यांची पोरगीही गेली आणि मोठ्या सामन्याला ती समोर उभी राहणार हेही आलं. वर्षातून एकदा, जुलैमधल्या एका बुधवारी, बायकांचा वरचे-खालचे मोठा सामना व्हायचा आणि त्या दिवशी दुकानं लवकर बंद व्हायची. ब्रॉन्वेनने मला विचारलं, खेळशील का? मी हो म्हणणार, एवढ्यात तिचाच चेहरा उतरला, कारण तिलाही तेव्हाच आठवलं. मी खेळले तर बाबा त्या मैदानावर उभे राहू शकणार नव्हते. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही, कारण एकदा खालच्यांकडून खेळले की मी खालचीच झाले आणि पुरुषांच्या सामन्यांनाही बाबा खालच्या आळीचेच ठरले.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती भांडी विसळत होती. हात पुसून तिने मला खुर्चीवर बसवलं. “तुला माहीत आहे का,” ती म्हणाली, “तुझ्या आजोबांना गावच्या चावडीची पायरी चढू देत नव्हते? खाली उभं राहून बोलायचं. कुणाची गाय कुणाच्या शेतात गेली ते यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, तरी यांच्या सांगण्याला किंमत नाही. तुझे बाबा लहान होते, बापाच्या धोतराला धरून उभे राहून हे बघायचे. आणि इथे त्यांनी हात वर केला की एवढा मोठा माणूस मान खाली घालून जातो. तो कोट त्यांच्याकडून तू काढून घेणार का?”

मी नाही म्हटलं. कशी म्हणणार हो? मला त्या रात्रीचं सगळं कळलं, तीन-तीनदा ते का सांगत होते ते. मी ब्रॉन्वेनकडे जाऊन सांगून आले की मला नाही जमणार. तिने मला एक गोड टिक्की दिली. ती मी पुलावर उभी राहून रडत रडत खाल्ली. मला आईचा राग नव्हता, बाबांचाही नव्हता. मला फक्त खेळायचं होतं आणि ते इतकं खेळायचं होतं की छातीत दुखत होतं.

पण ब्रॉन्वेनच्या पोटात काही राहील तर शपथ. दोन दिवसांनी ती ब्लडप्रेशर तपासायला सर्जरीत गेली आणि दंडाला पट्टा बांधलेला असतानाच तिने बाबांना सगळं सांगून टाकलं. शनिवारी सर्जरी आटोपल्यावर त्यांनी टाय नीट केला आणि मला म्हणाले, चल माझ्याबरोबर. कुठे ते सांगितलं नाही. आम्ही वरच्या आळीतून चढत इद्रिसच्या दुकानात गेलो. दुकानात रॉकेलचा आणि दोरखंडाचा वास. इद्रिस काउंटरमागे साखळी मोजून कापत होता. बाबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. म्हणाले, माझ्या मुलीला खेळायचं आहे आणि मला अंपायर राहायचं आहे, आणि या दोन्हींत काही अडचण आहे असं मला वाटत नाही. तुमचा नियम तुमच्यासाठी ठीक आहे, तुम्ही एकमेकांना सांभाळून घेता. माझं तसं नाही. माझी मुलगी काय आणि दुसरं कुणी काय, मला सारखंच. इतकी वर्षं तुम्ही माझं काम पाहिलं आहे. 

इद्रिसने पक्कड खाली ठेवली. “डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्ही तिच्या बाजूने निकाल द्याल अशी भीती मला नाही. तुम्ही ती पोचली असतानाही तिला बाद द्याल. आणि तुम्ही दिलंत म्हणून सगळं गाव ते खरं धरेल. मग पोरीने जायचं कुठे?”

बाबा उभेच राहिले. दुकानात एक म्हातारा बादली घ्यायला आला होता, तोही बादली हातात धरून थांबला. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुष्कळदा आठवून बघते ती नजर. रागाची नव्हती. सर्जरीत एखाद्या पेशंटचं दुखणं आपल्या लक्षात उशिरा आलं की त्यांचा चेहरा तसा व्हायचा. मला इतकं वाईट वाटलं की इद्रिसच्या अंगावर ती साखळी फेकावी असं झालं.

उतारावरून परत येताना मी म्हटलं, बाबा, मला नाही खेळायचं. ते म्हणाले, खोटं बोलू नकोस. पुलाजवळ आल्यावर ते थांबले. “खरं बोलला तो,” ते म्हणाले. “मी तुला बाद दिलंच असतं. आणि घरी येऊन तुझ्या आईला छाती फुगवून सांगितलंही असतं.” नदीत कुणाची तरी बदकं होती, ती बघत उभे राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मला तो कोट फार आवडतो गं.” मी त्यांचा हात धरला. पंधरा-सोळाव्या वर्षी आपण बापाचा हात धरत नाही, पण धरला. त्यांनी तो घरापर्यंत सोडला नाही. घरात शिरल्यावर आईला म्हणाले, कोट धुऊन ठेव, दुसऱ्या कुणाला तरी लागेल. आई आत गेली, कोट काढला, आणि मग मला हाक मारली. मी गेले तर ती कोटात तोंड खुपसून बसलेली. मला म्हणते, “काहून बघून राहिली? जा, खेळ जा आता, चांगली खेळ.”

नवा अंपायर बाबांनीच शोधला. बँकेत बदली होऊन आलेला एक तरुण, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचा. सडाफटिंग, गावात चिटपाखरू ओळखीचं नाही. बाबांनी त्यालाही टेबलावर पेले आणि वाटाणे मांडून शिकवलं. बिचारा आमच्याकडे चार-पाच रात्री जेवला आणि तिखटाने घामाघूम होऊन गेला. त्याला कोट ढगळ झाला, बाह्या दुमडाव्या लागल्या. बाबांनी त्या स्वतः दुमडून दिल्या. मी ते दारातून पाहिलं आणि तिथून निघून गेले.

बुधवार आला. ढग होते, पण पाऊस नव्हता. अख्खं गाव दोन बाजूंना बसलेलं, वरचे चढाकडे, खालचे नदीकडे. बाबा मैदानाच्या कडेला आले आणि त्यांना कुठे बसावं कळेना. इतक्या वर्षांत ते या मैदानावर कधी बसलेच नव्हते. ब्रॉन्वेनच्या नवऱ्याने घोंगडी झटकली आणि सरकून जागा केली, तेव्हा ते आईसकट खालच्यांत जाऊन बसले, टाय लावून, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसे.

माझी पाळी आली तेव्हा आम्ही गुणांत मागे होतो आणि पुढे खेळायला फारसं कुणी उरलं नव्हतं. मी टोलवला, चांगला लांब गेला. पहिला खांब घेतला, दुसरा घेतला. तिथे थांबायला हवं होतं. ब्रॉन्वेन ओरडत होती की थांब, पण मी कसली थांबते? तिसऱ्या खांबाशी नेमकी ती लग्न होऊन गेलेली मुलगी उभी होती. बॉल तिच्या हातात आला, तिने वाकून खांबाला टेकवला, आणि मग मी पोचले. मग म्हणजे चांगलं हातभर मागून. मला माहीत होतं, तिला माहीत होतं, त्या बँकेतल्या पोराला माहीत होतं. त्याने हात वर केला, बाबांनी शिकवला होता तसाच, सावकाश आणि सरळ.

आणि तेव्हा मैदानावर मराठी ऐकू आली.

“अहो! डोळे फुटले का तुमचे? पोचली होती ती! धडधडीत पोचली होती!”

बाबा उभे होते. टाय खांद्यावर गेलेला, एक बूट घोंगडीत अडकलेला, चेहरा लालबुंद. कुणाला अक्षर कळलं नाही आणि कुणाला काही कळायचं राहिलंही नाही. ब्रॉन्वेनचा नवरा उठला, त्याच्या शेजारचा उठला, खालची सगळी आळी उठून त्या पोरावर ओरडायला लागली. समोरून वरचे ओरडायला लागले. इद्रिस चढावर बसला होता, तो टोपीने डोळे पुसत हसत होता. बँकवाला पोरगा गोरामोरा होऊन बाबांकडे बघत राहिला, बिचारा त्यांच्याच घरी जेवून हे सगळं शिकलेला. पण त्याने हात खाली घेतला नाही, आणि मी निघाले.

मी कडेला आले तेव्हा आई बाबांची बाही ओढत होती. “अहो, बसा खाली. सगळे बघताहेत. बाद होती ती, मी पाहिलंय ना डोळ्यांनी. तुम्हालाही दिसलंच असेल.”

“दिसलं,” बाबा म्हणाले. ते धापा टाकत होते. “मग काय झालं? तो अंपायर आहे, त्याने बघावं. मी तिचा बाप आहे.”